मालकांचा खोकला

जर्दाळूच्या त्या कारखान्यात वजनकाटा होता, वाळवणीच्या खोलीत उष्णता दाखवणारी नळी होती, दारावर कामगारांची हजेरी घेणारं यंत्रसुद्धा होतं. फक्त हौदात पावडर किती घालायची, हे सांगणारं काहीही नव्हतं. ते काम मालकांच्या नाकाकडे होतं, आणि मालकांनी आजवर त्यात दुसऱ्या कुणाला नाक खुपसू दिलं नव्हतं.

पावडरीचं खरं नाव मेटाबायसल्फाइट. ते उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून सगळे नुसतं पावडर म्हणत. दिसायला पांढरीशुभ्र, दळलेल्या साखरेची बहीण शोभेल अशी. पण पाण्यात पडली आणि त्या पाण्यात आंबट फळाचा रस उतरला, की तिच्यातून वायू सुटायचा. नुकतीच ओढलेली आगकाडी कुणी नाकाखाली धरावी तसा. हा वायू फळाला काळं पडू देत नाही आणि बुरशीला जवळ फिरकू देत नाही. पावडर कमी पडली तर जर्दाळू जुन्या चपलेच्या रंगाचा होतो. बेताची पडली तर सोन्यासारखा दिसतो. जास्त पडली तरी सोन्यासारखाच दिसतो, फक्त खाणाऱ्याचा घसा धरतो, आणि खाणारा दमेकरी असला तर त्याची छातीही. नुसतं बघून यातलं काही कळत नाही, हीच खरी गोम होती.

पावडर विकायला येणारा माणूस तिचं कौतुक पोटच्या पोरीसारखं करी. "साहेब, कागदाच्या गिरणीत हीच. कापडात उरलेलं ब्लीच मारायला हीच. पाण्यातला क्लोरीन घालवायला, बॉयलरच्या नळ्या गंजू नयेत म्हणून, दारूची पिंपं धुवायला, पूर्वी फोटो धुवायलासुद्धा. जाल तिथे हीच." मालकांना हे ऐकवत नसे. आपला जर्दाळू आणि कुणाचा तरी बॉयलर एका दमात कानावर पडणं त्यांना बरं वाटत नव्हतं. त्यांच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'सूर्याने दिलेलं सोनं'. पावडरीचा उल्लेख खाली होता, मुंगीलाही चष्मा लागेल एवढ्या अक्षरांत.

तर पद्धत अशी होती. हौद पाण्याने भरायचा. चिरलेल्या फळांचा पहिला घाणा आत सोडायचा. मग हौदाच्या काठावर ओत्या उभा राहायचा. त्याचं पाळण्यातलं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागे; तो आयुष्यभर ओततच आला होता, म्हणून ओत्या. तो डाव्या हाताने पावडरीचं माप ओती, उजव्या हाताने लांब दांड्याने ढवळी. समोर मालक डोळे मिटून, मान किंचित पुढे काढून उभे. खोलीत कुणी बोलायचं नाही. माप पडायचं, ढवळलं जायचं, पुन्हा माप पडायचं. आणि मग मालक खोकायचे. एकदाच; कोरडा, पोटातून आलेला, बाहेरच्या खोलीत जाळ्यांवर फळं मांडणाऱ्या बायकांनाही ऐकू जाईल असा. तो खोकला आला की ओत्याचा हात जागच्या जागी थांबे आणि कागदावर शिक्का बसल्यासारखं सगळे सुटकेचा श्वास घेत.

ही रीत मालकांच्या वडिलांनी घातली होती, आणि तिच्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. पावडर लहरी असते. गोणी उघडी राहिली, तिला दमट हवा लागली, की तिच्यातला जोर निघून जातो. दिसते तशीच पांढरी, पण आतून मेलेली. मग मापाने मोजून काय उपयोग? त्यापेक्षा खोकला बरा, असं वडिलांचं म्हणणं. त्यांनी मुलाला कारखाना दिला, किल्ल्या दिल्या आणि खोकला दिला.

ओत्याही खोकायचा, बरं का. दिवसभर खोकायचा. हौदावर वाकलेला माणूस तो. वायू हवेपेक्षा जड, खालीच रेंगाळणारा, तो सगळा त्याच्याच तोंडावर. पण त्याचा खोकला हिशेबात धरायची पद्धत नव्हती.

एके सकाळी मालक स्वयंपाकघरात बसून वर्तमानपत्र वाचत होते. मालकीणबाई बाहेरून धावत आल्या आणि त्यांनी शेगडी बंद केली. दूध उतू जाऊन, करपून, पातेल्याचा कोळसा झाला होता. सगळं घर त्या वासाने भरलं होतं.

"समोर बसला होतात ना?" त्या म्हणाल्या.

"वाचत होतो," मालक म्हणाले.

मालकीणबाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि पातेलं घासायला घेतलं. मालक मात्र उठले. त्यांनी गुपचूप साबण हुंगला, कांदा हुंगला, स्वतःचा मोजाही हुंगला. कुठेच काही नाही.

गावाच्या दुसऱ्या टोकाला एक नाक-कान-घशाची डॉक्टरीण होती. मालक टोपी खाली ओढून तिच्याकडे गेले. तिने त्यांना डोळे मिटायला लावले आणि एक बाटली नाकाशी धरली.

"मंद आहे," मालक जाणकाराच्या आवाजात म्हणाले. "पण उंची आहे. गुलाब."

"बाटली रिकामी आहे," डॉक्टरीण म्हणाली.

मग तिने नाकात दिवा घालून बघितलं आणि काय झालंय ते आडपडदा न ठेवता सांगितलं. इतकी वर्षं तो वायू ओढून नाक मेलंय, घसा निबर झालाय. आता वासही यायचा नाही आणि झणकाही लागायचा नाही. "तुमच्याकडे हौदापाशी आणखी कोण असतं?" तिने विचारलं.

"कोणी खास नाही," मालक म्हणाले.

परत येताना त्यांना नाकापेक्षा किल्ल्यांची काळजी जास्त वाटत होती. नाक गेलं हे बाहेर फुटलं, तर हौदखोली कुणाकडे जाणार? एक चिरंजीव होते. त्यांना कारखान्यातलं फक्त खोकं कळत होतं; खोक्याचा रंग, खोक्यावरचा सूर्य. ते गेल्या वर्षापासून आरशासमोर उभं राहून वडिलांसारखा खोकला बसवत होते आणि तो अजून शिंकेच्या अंगाने जात होता. दुसरी त्यांची बायको, सूनबाई. ती रसायनशास्त्र शिकलेली. लग्नानंतर तिने हौदखोलीच्या कोपऱ्यात एक टेबल मागून घेतलं होतं. हौदातलं थोडं पाणी घ्यायचं, त्यात पेजेसारखं पिष्टाचं पाणी घालायचं आणि वरून आयोडीन थेंबाथेंबाने सोडायचं. पावडर शिल्लक असेतोवर रंग टिकत नाही, ती संपली की पाणी निळं होतं; लागलेल्या थेंबांवरून पावडर किती ते कळतं. मालकांनी हे एकदा शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि म्हणाले होते, "छान आहे. घरात बसून कंटाळा येतच असेल तुला." तेव्हापासून ते टेबल सूनबाईचा विरंगुळा म्हणून ओळखलं जात होतं. त्या टेबलापुढे हार मानायची, हे मालकांना सोसणारं नव्हतं.

म्हणून मालकांनी नाटक करायचं ठरवलं. खोकला काय, तो तर त्यांच्या हातचा होता.

पण कधी खोकायचं? पहिल्या दिवशी ते घाईने खोकले आणि सगळा घाणा चपलेच्या रंगाचा झाला. दुसऱ्या दिवशी घाबरून उशिरा खोकले. तो माल एका दुकानदाराने चाखला आणि दिवसभर पाणी पीत बसला. चिरंजीव म्हणाले, फळच यंदा विचित्र आहे.

तिसऱ्या दिवशी मालकांनी डोळे पूर्ण मिटलेच नाहीत. पापण्यांच्या फटीतून ते खोलीतल्या लोकांचे चेहरे न्याहाळू लागले, आणि तिथे त्यांना घबाड सापडलं. कोपऱ्यात आपल्या टेबलापाशी सूनबाई उभी होती. एक माप पडलं, दुसरं पडलं, बरीच पडली. आणि मग तिने हळूच कमरेला खोचलेला रुमाल काढून नाकाला लावला. पोरीचं नाक तरुण आहे, मालकांच्या मनात आलं, तिला झणका लागला. ते ताबडतोब खोकले. घाणा असा उतरला की वाळवणीच्या खोलीत दिवा लावायची गरज नव्हती.

त्या दिवसापासून मालकांचं नाक पुन्हा तेजीत आलं. रोज सूनबाईचा रुमाल वर जाई, रोज मालक खोकत, आणि माल असा निघे की वडिलांच्या काळातही निघाला नव्हता. ना कुणाचा घसा धरला, ना एक फळ काळं पडलं. जुनी गिऱ्हाइकं म्हणू लागली, वयाबरोबर नाक मुरलंय. मालक हसून म्हणायचे, "साधना आहे." आपण सुनेचं नाक तिच्या नकळत वापरतो आहोत याची त्यांना थोडी लाज वाटे, पण कौतुक ऐकताना ती लाज कुठे जाई ते त्यांचं त्यांनाही कळत नसे. हळूहळू तर त्यांना वाटायला लागलं, की रुमाल निघायच्या क्षणभर आधीच आपल्याला काहीतरी जाणवतं.

ही कीर्ती एका बड्या खरेदीदारापर्यंत गेली. त्याची दुकानं गावोगाव होती आणि त्याला ते नाक प्रत्यक्ष बघायचं होतं. चिरंजीवांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी हौदखोलीला रंग दिला, पाहुण्यांसाठी चांगल्यातले मास्क आणले आणि सूनबाईच्या टेबलावरच्या बाटल्या उचलून अडगळीत टाकल्या.

"सूर्याने दिलेलं सोनं म्हणायचं आणि कोपऱ्यात आयोडीन दाखवायचं?" ते बायकोला म्हणाले. "आणि तूही मास्क लाव. पाहुण्यांजवळ उभी राहा. रुमालाने नाक पुसत राहतेस, ते बरं दिसत नाही."

ओत्यासाठी मास्क नव्हता. त्याला सवय होती.

सकाळी सूनबाई सासऱ्यांना हौदखोलीच्या दारात गाठून हळूच म्हणाली, "बाबा, आज ओत्याकाकांनी नवी गोणी फोडलीय. ताजी आहे, जोरात असेल. रोजच्यापेक्षा बरंच कमी लागेल. माझ्या बाटल्याही नाहीत आज."

"ते नाक बघून घेईल," मालक म्हणाले. खरेदीदार जिन्यावर होता, आणि ऐकू येईल एवढ्या आवाजात त्यांनी ते म्हटलं.

पाहुणे आले, मास्क लावून भिंतीशी उभे राहिले. खिडक्या बंद होत्या, कारण वाऱ्याने वास हलतो असं चिरंजीवांनी पाहुण्यांना सांगितलं होतं. ओत्याने पहिलं माप ओतलं. मालकांनी मान पुढे काढली, पापण्या सोडल्या आणि फटीतून कोपऱ्याकडे बघितलं.

कोपरा रिकामा होता. सूनबाई पाहुण्यांच्या रांगेत होती आणि कपाळाखाली तिचे दोन डोळे तेवढे दिसत होते. त्या डोळ्यांवरून मालकांना काही उमगेना. माप पडलं, ढवळलं गेलं, पुन्हा माप पडलं.

"बाबा, पुरे वाटतं," सूनबाई म्हणाली.

"त्यांच्या नाकापुढे आपण बोलायचं नसतं," चिरंजीवांनी पाहुण्यांकडे बघत हसून तिला गप्प केलं.

मालकांना घाम फुटला. आता खोकावं? आणि माल काळा पडला तर, या माणसासमोर? आणखी एक होऊ दे. आणखी एक. तेवढ्यात चिरंजीवांना पहिला ठसका लागला. मग खरेदीदाराला. त्या चांगल्यातल्या मास्कांना धूळ अडवता येत होती, वायू नव्हे. बघता बघता खोलीतला प्रत्येक माणूस खोकू लागला, बाहेर जाळ्यांवरच्या बायकाही खोकू लागल्या, आणि त्या सगळ्यांत एकच माणूस स्वस्थ, कोरड्या डोळ्यांनी उभा होता. तो होता मालक.

मालकांच्या ते ध्यानात आलं तेव्हा ते खोकले. चांगला, पोटातून खोकले. पण त्या गदारोळात त्यांचा खोकला कुठला आणि खरेदीदाराचा कुठला, हे देवालाही सांगता आलं नसतं. ओत्याने मान हलवली. त्याला तो एकच खोकला हवा होता आणि तो त्याला ओळखू येत नव्हता. त्याने आणखी एक माप ओतलं. त्याचे ओठ निळसर झाले होते, श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"ओत्या, थांब," मालक म्हणाले.

ओत्या थांबला नाही. मालक तोंडाने कधी काही सांगत नसत. हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं. एकदा कुणीतरी गंमत म्हणून थांब म्हटलं होतं आणि तो थांबला होता, तेव्हा मालकांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. त्याने पाणावलेल्या डोळ्यांनी मालकांकडे बघितलं आणि पुढचं माप भरलं.

तेव्हा मालकांना खरी भीती वाटली. नाकाची नाही, किल्ल्यांचीही नाही. हा माणूस माझ्या खोकल्याची वाट बघत इथे मरेल, असं त्यांना स्वच्छ दिसलं. ते पुढे झाले, त्यांनी ओत्याचं मनगट धरलं आणि ओरडून म्हणाले, "अरे, मला वास येत नाही. माझं नाक गेलंय. कधीचं गेलंय. सोड ते."

माप हौदात पडलं. सूनबाईने मास्क फेकून खिडक्या उघडल्या, आणि ओत्याला चौघांनी उचलून अंगणात नेलं.

इस्पितळात ओत्याला ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी रात्र काढू द्या म्हणून सांगितलं, आणि त्याने ती काढली. बाकावर सासरे आणि सून शेजारी शेजारी बसले होते.

"रुमाल मी मुद्दामच लावत होते, बाबा," ती म्हणाली. "आकडा बरोबर आला की लावायचा. तुमच्या पापण्या पूर्ण मिटलेल्या नव्हत्या, ते मला दिसत होतं."

मालकांनी वळून तिच्याकडे बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

"आईंनी. दूध करपलं त्याच दिवशी."

"म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं?"

"ह्यांना सोडून."

मालकांना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्यांनी खिशातून हौदखोलीची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. लाज वाटते, एवढंच ते म्हणाले. सूनबाईने किल्ली पदराला बांधली.

कुणाला वाटेल आता सगळं सुतासारखं सरळ झालं. ते तसं होत नसतं. हौदातला तो घाणा ओतून दिला, हौद धुतला. टेबल परत आलं, बाटल्या परत आल्या. सूनबाईने हौदावरच्या नव्या माणसाला मास्क दिला. हा वायू अडवणारा होता. पाणी निळं झालं, थेंबांचा आकडा बरोबर आला, तशी ती म्हणाली, "बस." नव्या माणसाने पुढचं माप ओतलं. ती पुन्हा म्हणाली, "बस, पुरे झालं." त्याने बावरून इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "पण खोकला कुठाय?"

जाळ्यांवरच्या बायकांचंही तेच. बाटलीतल्या पाण्यावर त्यांचा विश्वास बसेना. मालकांचं नाक गेलं, हेही कुणाला पटलं नव्हतं. थोर माणसं स्वतःबद्दल असंच बोलतात, असं त्यांचं मत पडलं. खरेदीदाराने तर निरोप पाठवला, की एवढ्या वायूत न खोकता उभा राहणारा माणूस त्याने जन्मात बघितला नव्हता. माल तो घेणार होता, फक्त खोक्यावर त्याला ते नाक हवं होतं. चिरंजीवांनी लगोलग चित्रकार बोलावला. सूर्य गेला, त्याच्या जागी नाक आलं.

शेवटी तोडगा मालकांनीच काढला. चिरंजीव घसा खाकरून पुढे झाले होते, त्यांना त्यांनी हाताने मागे सारलं. ओत्या बरा होऊन आला होता, पण त्याला हौदाजवळ जायची मनाई होती. मालकांनी त्याला आपली खुर्ची दिली, अंगणात, उघड्या खिडकीसमोर. आत सूनबाई थेंब मोजणार, आकडा बरोबर आला की रुमाल नाकाला लावणार. खिडकीतून तो दिसला की ओत्याने खोकायचं. "आजपासून याचा खोकला धरायचा," मालकांनी सगळ्यांना सांगितलं.

पहिल्या दिवशी ओत्या खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला. मालक शेजारी स्टुलावर बसले. आत रुमाल वर गेला आणि ओत्या खोकला. हौदावरचा हात थांबला, बायकांनी श्वास सोडला, जाळ्या हलल्या.

"जरा खोलातून काढ," मालक म्हणाले. "आत ऐकू गेला पाहिजे."

"काढतो, मालक."

खिडकीतून हवा बाहेर येत होती. मालकांना राहवलं नाही. वास नेमका कसा असतो हे ते विसरायला लागले होते, आणि त्याची त्यांना फार हुरहूर लागली होती.

"ओत्या, आज कसा येतोय रे वास?"

ओत्याने त्यांच्याकडे बघितलं. "मला कुठला येतोय, मालक. माझं नाक तुमच्या किती आधी गेलं. सूनबाई लग्न होऊन आल्या ना, त्यांच्या लग्नातल्या फुलांचासुद्धा मला वास आला नव्हता."

"मग बोलला नाहीस कधी?"

"कामाला तुमचं नाक होतं," ओत्या म्हणाला. "माझ्या नाकाचं कुणी विचारलंच नाही."

आत सूनबाईचा रुमाल पुन्हा वर गेला आणि दोघंही एकदमच खोकले.